कास्मीर मिस्किटाला ट्रॅफिक हवा होता

मुंबईतल्या माणसाने देवाकडे आजवर काय काय मागितलं असेल! पाणी, घर, मुलाला नोकरी, गेला बाजार गणपतीत गावच्या गाडीचं तिकीट. पण ‘देवा, आज ट्रॅफिक दे, चांगला दोन तासांचा दे’ असं मागणारा एकच निघाला, गिरगावातला कास्मीर मिस्किटा. जानेवारीतल्या त्या मंगळवारी दुपारी अडीच वाजता विमानतळाबाहेरच्या लोखंडी कठड्याला पोट टेकून तो उभा होता आणि मनातल्या मनात हेच मागत होता.

त्याची धाकटी बहीण एव्हलिन टोरोंटोहून येत होती. सहा वर्षांनी. तिला न्यायला कास्मीरने वाडीच्या तोंडाशी उभी राहणारी रामजीची काळी-पिवळी टॅक्सी ठरवली होती आणि रामजीला रस्ताही नेमून दिला होता. सी-लिंक नको, कोस्टल रोड तर अजिबात नको. माहीम, दादर, परळ, लालबाग, भायखळा, अशी जुनी वाट.

‘‘अंकल, कोस्टलने घेतो ना. पाऊण तासात वाडीत,’’ रामजी म्हणाला होता.

‘‘तुला सांगतो तसा चल. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं. हॉर्न मारायचा नाही. कोणाला ओव्हरटेक करायचं नाही.’’

बावीस वर्षं टॅक्सी चालवून रामजीला असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. पण अंकलच्या नाकावरचा राग सगळ्या वाडीला ठाऊक, म्हणून तो गप्प बसला.

कास्मीरचा हिशेब सरळ होता. माहीमपर्यंत खुशाली विचारायची. दादर आलं की ममाचा विषय काढायचा. परळला म्हणायचं, ‘एव्हलिन, तुला एक सांगायचंय.’ लालबागच्या पुलाखाली तिला काय रडायचं ते रडू दे, भायखळ्यापर्यंत शिव्या घालू दे, आणि मग जे. जे.च्या पुलावर वारा लागला की जरा शांत होईल. घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. दोन तासांत माणूस काय वाटेल ते सांगू शकतो. एक तास तर नमनालाच जातो.

सांगायचं काय होतं, ते कळायला आधी कास्मीर कळला पाहिजे.

वय अडुसष्ट. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळचा ख्रिश्चन. घरात मराठी, चर्चमध्ये इंग्रजी आणि भांडायला दोन्ही. छत्तीस वर्षं गोदीत टॅली क्लार्क. बोटीतून उतरणारी पेटी न् पेटी मोजून कागदावर खूण करायची, हे काम. आपल्या हातून एक खोका इकडचा तिकडे झाला नाही, हे तो अजूनही कोणी न विचारता सांगतो. वाडीत मात्र तो ओळखला जातो रुसण्यासाठी. मावसभावाच्या लग्नात त्याला चुकून बँडवाल्यांच्या पंगतीत बसवलं, तर त्या मावसभावाचं पोर शाळेत जाऊ लागेपर्यंत कास्मीरने त्याच्या घराची पायरी चढली नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने एकदा कालचा पाव दिला. तेव्हापासून हा पावासाठी ठाकूरद्वारपर्यंत चालत जातो, तोही पावसात. त्याची बायको फिलोमिना म्हणते, ‘‘आमच्याकडे कपाटं दोन. एकात कपडे, एकात ह्याचे रुसवे. कपड्यांना जागा पुरत नाही.’’

आता गोष्ट अशी की कास्मीर एकतीस वर्षं चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या ताफ्यात, व्हायोलिन वाजवत होता. कोविडचे दिवस संपले, चर्च पुन्हा भरू लागलं, आणि एल्रॉय नावाचा नवा क्वायरमास्टर आला. सव्वीस वर्षांचा, केसांची शेंडी बांधलेला. त्याने की-बोर्ड आणला आणि एका रविवारी मास, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर फार गोड आवाजात म्हणाला, ‘‘अंकल, तुम्ही आता फक्त ख्रिसमसला वाजवा ना. दर संडेला कशाला त्रास?’’

झालं. कास्मीरने व्हायोलिन पेटीत घातलं, पेटी बंद केली आणि त्या चर्चला पाठ दाखवली. देवावर त्याचा राग नव्हता, म्हणून तो मासला जायचा थांबला नाही. बस पकडून माहीमला जायचा, दुसऱ्या पॅरिशच्या चर्चमध्ये. मागच्या बाकावर बसायचा आणि तिथल्या क्वायरच्या चुका मोजायचा. असं जवळजवळ पाच महिने चाललं.

त्याच पाच महिन्यांत ममाची कबर उघडायची वेळ आली.

मुंबईत जिवंत माणसाला जागा नाही, तशी मेलेल्यालाही नाही. ज्यांची पिढीजात मालकीची कबर नाही, त्यांना सिमेट्रीत जागा मिळते ती काही वर्षांपुरती. मुदत भरली की कबर उघडायची, हाडं गोळा करायची, ती घरच्यांनी पेटीत घालून भिंतीतल्या छोट्या कोनाड्यात ठेवायची, वर नावाची पाटी लावायची. आणि रिकाम्या खड्ड्यात दुसरा येतो. घरचं कोणी आलंच नाही, तर सिमेट्रीच्या मागच्या कोपऱ्यात एक कोरडी विहीर आहे, वर लोखंडी झाकण असलेली. हाडं तिच्यात जातात. कोणाच्या कबरी कधी उघडणार, ते आधी महिनाभर दर रविवारी मासनंतर वाचून दाखवतात. बोर्डावरही लावतात. मिस्किटांना पॅरिशमधून फोनही केला होता म्हणे, पण तो जुन्या लँडलाइनच्या नंबरवर, आणि लँडलाइन कास्मीरने कधीच कापून टाकली होती, कारण कंपनीचा माणूस उद्धट बोलला होता. फिलोमिनाचं तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती घराबाहेर पडत नव्हती. चार रविवार ‘रोझी मिस्किटा’ हे नाव माइकवरून वाचलं गेलं, आणि ते ऐकायला रोझी मिस्किटाचा मुलगा माहीमला, दुसऱ्यांचं गाणं बेसूर म्हणून नाक मुरडत बसला होता.

कळलं तेव्हा ममाच्या जागी कोणा तरुण मुलीची ताजी कबर होती. वर झेंडूची फुलं. खोदणाऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि बोटाने मागचा कोपरा दाखवला.

इथे तरी माणसाने बहिणीला फोन करावा. कास्मीरने केला नाही. लाजेने केला नाही, भीतीने केला नाही, आणि ‘हे त्या एल्रॉयमुळे झालं’ असं स्वतःला सांगत राहिला म्हणूनही केला नाही. त्या नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, कबरीची मुदत भरल्याचा हिशेब ठेवून असलेल्या एव्हलिनचा मेसेज आला, ‘ममाच्या कोनाड्याचा फोटो पाठव.’ तेव्हा त्याने भिंतीतल्या एका बेवारशी कोनाड्यासमोर शेवंती ठेवली, मेणबत्ती लावली आणि फोटो असा काढला की फुलं दिसावीत, नाव दिसू नये. कोनाडा बोनाव्हेंचर परेरा नावाच्या, बोटीवरच्या एका कुकचा होता. असे चार नोव्हेंबर गेले. चार फोटो गेले. एका खोट्याला दुसरं खोटं टेकू म्हणून लावावं लागतं आणि मग सगळं घरच टेकूंवर उभं राहतं.

आणि आता एव्हलिन त्या कोनाड्यावर लावायला टोरोंटोहून पाटी घेऊन येत होती. काळ्या ग्रॅनाइटची. उद्या सकाळी नऊ वाजता ती लावायची, फादर येऊन आशीर्वाद देणार, असं तिने नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परस्पर जाहीर करून टाकलं होतं. फादरला सांगायचं काम कास्मीरकडे. त्याने ‘सांगितलं’ म्हणून कळवलं होतं. सांगितलं नव्हतं.

सकाळी निघताना फिलोमिनाने दारात अडवलं. ‘‘कास्मीर, चार वर्षं मी मूग गिळून बसले. आता नाही. ती उंबऱ्याच्या आत आली की मी तिच्या हातात चहा देणार, आणि चहाबरोबर सांगणार. त्याच्या आधी तू सांग.’’

म्हणून ट्रॅफिक हवा होता.

एव्हलिन आली ती हसतच. त्रेसष्ट वर्षांची, आखूड केस, पायात पांढरे बूट. एक मोठी सुटकेस ट्रॉलीवर आणि एक निळी पाठीवरची बॅग, जी ती पाठीवर न घेता पोटाशी धरून चालत होती.

‘‘ओ गॉड, कास्मीर! किती बारीक झालास मॅन! फिलोमिना जेवायला घालत नाय काय?’’

‘‘घालते गो. चल, रामजी थांबलाय. टॅक्सी केलीय.’’

‘‘टॅक्सी? टॅक्सी कशाला?’’ एव्हलिन थांबलीच. ‘‘लॅन्सने मला सगळं दाखवलंय फोनवर. खालून मेट्रो आहे, डायरेक्ट गिरगाव! फॉर्टी फाइव्ह मिनिट्स! मी सगळ्यांना सांगून आलेय की मी एअरपोर्टवरून मेट्रोने घरी जाणार.’’

लॅन्स म्हणजे तिचा मुलगा. त्याने आयुष्यात गिरगाव तीनदा पाहिलेलं.

‘‘मेट्रो कसली. जिने, गर्दी. सामान आहे तुझं,’’ कास्मीर म्हणाला.

‘‘सामान रामजी नेईल. काय रे रामजी, नेशील ना?’’

रामजीला तेच हवं होतं. त्याने कास्मीरच्या डोळ्यांकडे बघायचं टाळून सुटकेस डिकीत टाकली, आणि पिवळा, लाल, कसलाही सिग्नल पाळायचा नसल्यासारखा निघून गेला. निळी बॅग मात्र एव्हलिनने दिली नाही. ‘‘ह्यात ममाचा दगड आहे. हा मी सोडणार नाय.’’

कास्मीरने हात पुढे केला. ‘‘दे, मी घेतो.’’ बॅग चांगली पाच किलोंची होती. दोन तासांची आता पंचेचाळीस मिनिटं झाली होती, आणि वर हे ओझं.

सरकत्या जिन्याने खाली, मग आणखी खाली. मुंबईच्या पोटात एवढी स्वच्छता पाहून कास्मीरचा जीव आणखी जळला. कुठे कचरा नाही, कुठे रांग नाही, कुठे काही बिघडलेलं नाही. एरवी या शहरात दहा कामांपैकी नऊ अडतात. आज त्याला अडायला हवं होतं तर सगळं लोण्यासारखं चाललं होतं.

एकच गोष्ट अडली. बॅग तपासायच्या मशीनमधून निळी बॅग बाहेर आली तेव्हा सिक्युरिटीवाल्या बाईने ती बाजूला ठेवली.

‘‘आंटी, इस में पत्थर जैसा क्या है?’’

‘‘मेरी मदर का है,’’ एव्हलिन म्हणाली आणि तिने अभिमानाने बॅग उघडली, वरची शाल बाजूला केली.

कास्मीरला बघायचं नव्हतं. तरी दिसलंच. काळा गुळगुळीत दगड, त्यात चिनी मातीच्या गोल तबकडीवर ममाचा फोटो, घरी भिंतीवर आहे तोच, डोक्यावर जाळीदार ओढणी घेतलेला. नाव. दोन तारखा. आणि खाली सोनेरी अक्षरांत, ‘कास्मीर आणि एव्हलिन यांच्याकडून’.

‘‘अर्धं तुझं नाव टाकलंय हां. पैसे मागणार नाय,’’ एव्हलिन हसत म्हणाली. सिक्युरिटीवाल्या बाईने दगडाला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि म्हणाली, ‘‘जाइए, आंटी.’’

कास्मीरला तिथेच सांगून टाकावं असं वाटलं, पण मागे माणसं उभी होती, आणि एव्हलिनने त्याचा दंड धरून त्याला पुढे ओढलं होतं.

गाडी आलीच. थांबायला लागलं तेही जेमतेम तीन मिनिटं. आत शिरल्याबरोबर एका कॉलेजच्या मुलीने उठून एव्हलिनला जागा दिली, आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाला एका माणसाने कास्मीरला हाक मारली, ‘‘काका, इथे बसा.’’ कास्मीरने मानेनेच नाही म्हटलं. माणसं चांगली वागायला लागली की काय वैताग येतो, ते त्या दिवशी त्याला कळलं. तो एव्हलिनसमोर दांडी धरून उभा राहिला, निळी बॅग दोन पायांत धरून.

‘‘एव्हलिन,’’ तो म्हणाला.

‘पुढील स्थानक...’ वरून बाईचा आवाज सुरू झाला. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. दरवाजे कुठल्या बाजूला उघडणार तेही तिन्ही भाषांत. तोवर स्टेशन आलं, दरवाजे उघडले, मिटले, आणि गाडी भुयारात शिरताच असा घोंघाट सुरू झाला की कास्मीरला स्वतःचा आवाज ऐकू येईना.

‘‘काय म्हणालास?’’

‘‘काय नाय. प्रवास कसा झाला?’’

प्रवास कसा झाला हे तिने सांताक्रूझपर्यंत सांगितलं. शेजारी बसलेला माणूस घोरत होता, विमानातलं चिकन रबरासारखं होतं, दोहाला साडेचार तास बसून राहावं लागलं. कास्मीर हं, हं करत दारावरच्या नकाशाकडे पाहत होता. एकेक स्टेशन मागे पडत होतं. टॅक्सीत असते तर आता कुठे हायवेला लागले असते. धारावी गेली. सगळ्यांच्या वाट्याला येणारा खोळंबा माझ्याच नशिबी नसावा ना, असं तो चिडून म्हणाला, पण तेही मनात.

‘‘ऐक,’’ दादर यायच्या आधी त्याने पुन्हा सुरुवात केली आणि खाली वाकला. ‘‘ममाचं एक...’’

‘‘ममा असती ना, तर ह्या गाडीत बसून सगळ्यांना तिच्या हातचे तळलेले फुगे खायला दिले असते,’’ एव्हलिन म्हणाली. ‘‘आठवतंय? मी पहिल्यांदा कॅनडाला गेले तेव्हा एअरपोर्टवर डबा घेऊन आलेली. आंबलेल्या पिठाचा वास सगळ्या हॉलमध्ये!’’ ती हसता हसता थांबली, डोळे पुसले, आणि त्याचा दांडीवरचा हात खाली ओढून आपल्या गालाशी धरला. ‘‘तू इथे होतास म्हणून मी तिथे झोपू शकले, कास्मीर. मी लॅन्सला नेहमी सांगते. माझा भाऊ इथे आहे, ममाला काय कमी नाय.’’

डब्यातली दोन-तीन माणसं कौतुकाने बघत होती. कास्मीरने हात सोडवून घेतला आणि उगाच चष्मा पुसला. दादर गेलं. सिद्धिविनायक गेलं. वरळीला ऑफिसची माणसं चढली आणि दोघांच्या मध्ये एका धिप्पाड माणसाची पाठ आली. कास्मीर त्या पाठीवर मनसोक्त चिडला. मग एल्रॉयवर चिडला, लॅन्सवर चिडला, फिलोमिनावर चिडला, आणि ज्याने कोणी जमिनीखालून एवढं सरळ भोक पाडलं त्याच्यावरही. महालक्ष्मी येईपर्यंत चिडायला बाहेरचं कोणी उरलं नव्हतं. मग उरला तो एकटाच.

मुंबई सेंट्रल गेलं तेव्हा पाठ बाजूला झाली. एव्हलिन फोनवर फिलोमिनाला मेसेज लिहीत होती. रेंज नव्हती, पण ती लिहीत होती, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होती, ‘पाच मिनिटांत पोचतो. चहा टाक.’

‘पुढील स्थानक, ग्रँट रोड,’ वरची बाई म्हणाली.

त्याच्या पुढचं गिरगाव.

दरवाजे उघडले आणि कास्मीरने कसलाही विचार न करता निळी बॅग उचलली आणि खाली उतरला.

‘‘कास्मीर! अरे, हे आपलं नाय!’’ एव्हलिन ओरडली. पण दगड त्याच्या हातात होता, तेव्हा तिला उतरणं भागच होतं. तिच्या मागे दरवाजे मिटले आणि गाडी निघून गेली. फलाट रिकामा झाला. वर लटकलेल्या बोर्डावर पुढच्या गाडीला सहा मिनिटं दिसत होती.

‘‘डोकं फिरलंय काय मॅन तुझं? एक स्टेशन राहिलेलं!’’

‘‘बस,’’ कास्मीर म्हणाला. स्टीलचा बाक होता. तो आधी बसला, बॅग मांडीवर घेऊन. एव्हलिन उभीच राहिली.

‘‘बरं वाटत नाय काय? छातीत दुखतंय?’’

‘‘ममा कोनाड्यात नाय.’’

एव्हलिनला ते कळलं नाही. ‘‘म्हणजे?’’

‘‘कबर उघडली तेव्हा मी गेलो नाय. मला ठाऊकच नव्हतं. चार संडे नाव वाचलं म्हणे, मी नव्हतो. हाडं विहिरीत गेली, एव्हलिन.’’

इतकी वर्षं घोकलेली ती दोन तासांची गोष्ट एवढ्यात संपली. बोर्डावर अजून पाच मिनिटं होती.

एव्हलिन खाली बसली. त्याच्यापासून एक जागा सोडून.

‘‘कधी?’’

‘‘बावीस साली. जूनमध्ये.’’

ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, ‘‘आणि फोटो?’’

कास्मीरने मांडीवरच्या बॅगेचा पट्टा सारखा केला.

‘‘कास्मीर, फोटो कोणाचा?’’

‘‘फुलं मी खरंच नेलेली. दर वर्षी.’’

‘‘कोणासाठी?’’

‘‘कोणी बोनाव्हेंचर परेरा. बोटीवर कुक होता. त्याचं कोणी येत नाय, पाटी पुसट झालीय, म्हणून...’’

‘‘माझ्या बेडजवळ तो फोटो आहे,’’ एव्हलिन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यानेच कास्मीर जास्त घाबरला. ‘‘फ्रेम केलाय मी. रोज रात्री त्याच्यासमोर रोझरी म्हणते. लॅन्सला मूल होत नव्हतं तेव्हा मी त्याच्यासमोर रडले. ममाला म्हटलं, तू माग देवाकडे. चार वर्षं मी एका कुकसमोर रडत होते?’’

कास्मीरने मान खाली घातली. त्याला रडूही येईना. नुसता स्वतःचा भयंकर कंटाळा आला.

‘‘चार संडे तू होतास कुठे?’’

हाच प्रश्न त्याला नको होता. ‘‘माहीमला जायचो मासला.’’

‘‘का?’’

‘‘ते एल्रॉयने... मला क्वायरमधून काढलं. म्हणाला फक्त ख्रिसमसला वाजवा. म्हणून मी जात नव्हतो.’’

‘‘रुसलेलास.’’

‘‘हो.’’

‘‘आणि नंतर? त्या पोराशी बोललास?’’

‘‘नाय.’’

‘‘अजून?’’

‘‘अजून नाय,’’ कास्मीर म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण हे जरा ताठ मानेनेच बोललो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा असा. आपल्या आईपेक्षा आपल्याला ते व्हायोलिन मोठं वाटलं, ही गोष्ट त्याने चार वर्षांत स्वतःला एकदाही सरळ सांगितली नव्हती. आता बहिणीच्या तोंडाकडे बघताना ती सांगायची गरजच उरली नाही.

गाडी आली. माणसं उतरली, चढली. एका बाईने मागे वळून दोघांकडे पाहिलं. गाडी गेली आणि बोर्डावर पुन्हा आकडा आला.

‘‘मला मारायचं तर मार,’’ कास्मीर म्हणाला. ‘‘शिव्या घाल. उद्या मी सांगतो सगळ्यांना, मी स्वतः. फादरलाही सांगतो. त्याला उद्याचंही अजून काय ठाऊक नाय.’’

एव्हलिनने त्याच्या मांडीवरची बॅग ओढून आपल्या मांडीवर घेतली आणि तिची चेन उगाच उघडून पुन्हा लावली.

‘‘ती विहीर,’’ ती म्हणाली. ‘‘तीच ना, लोखंडी झाकणाची? पपांच्या कबरीवर जायचो तेव्हा आपण दोघं त्या झाकणावर चढून उड्या मारायचो. धाड धाड आवाज यायचा म्हणून.’’

कास्मीरला आठवलं. त्याने मान हलवली.

‘‘ममा धावत यायची. दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालायची. आणि काय म्हणायची, आठवतंय?’’

कास्मीरने पुन्हा मान हलवली.

‘‘म्हणायची, खाली उतरा मेल्यांनो, ज्यांचं जगात कोणी नाय ती माणसं आहेत तिथे. त्यांना त्रास देऊ नका.’’ एव्हलिनच्या डोळ्यांतून आता पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. ‘‘मी सहा वर्षं आले नाय. तिकीट महाग, लॅन्सचं लग्न, हे ना ते. पण तिचं कोणी नव्हतं असं तर नव्हतं ना रे? आपण होतो ना?’’

‘‘होतो गो,’’ कास्मीर म्हणाला. ‘‘मी तर इथेच होतो.’’